अदृश्य दावण : ‘उन्हाळी’ लागण्याचा दुर्लक्षित इतिहास

१/ गडकोट, तह आणि लढाया यांवर धागे पुष्कळ होतात. आजचा धागा मूत्राशयावर आहे. हसू आले असल्यास हरकत नाही. या विषयाचा बराचसा इतिहास अशाच हसण्याने आणि त्याहून अधिक संकोचाने घडलेला आहे. स्त्रियांना होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग टाळावा कसा, हा प्रश्न वैद्यकाने किमान दोन हजार वर्षे हाताळला. आणि त्याच काळात शहरे मात्र जणू हा प्रश्न अस्तित्वातच नाही अशा रीतीने बांधली गेली. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम शब्द पाहू. मराठीत या विकाराला जुने घरगुती नाव आहे : ‘उन्हाळी लागणे’. वारंवार लघवीला होणे, थेंबथेंब होणे, जळजळ होणे, ओटीपोटात कळ येणे. ज्याला आज दवाखान्यात ‘यूटीआय’ म्हणतात, त्याची बहुतेक लक्षणे या दोन शब्दांत सामावलेली आहेत. नावातच कारणमीमांसा दडलेली आहे : ऊन बाधले, उष्णता वाढली. म्हणून उपायही थंड. धन्या-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, गोखरू. यांतील कोणत्या वनस्पतीत किती औषधी गुण आहे, हा वाद क्षणभर बाजूला ठेवा. या सर्व उपायांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक उपायासोबत भरपूर पाणी पोटात जाते. हा मुद्दा लक्षात असू द्यावा. पुढे तो प्रयोगशाळेतून परत येणार आहे.

३/ शरीररचनेचा भाग थोडक्यात. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा सुमारे २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रीच्या शरीरात त्याचे द्वार गुदद्वाराच्या निकट असते. आतड्यात निरुपद्रवीपणे राहणारे जंतू मूत्राशयापर्यंत पोहोचायचे, तर त्यांना स्त्रीच्या शरीरात फार छोटा प्रवास करावा लागतो. निम्म्याच्या आसपास स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. म्हणजे तो अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, चारित्र्याचा तर नव्हेच. हे वाक्य लिहिण्याची गरज पडते, हाही इतिहासच.

४/ आता ग्रंथांकडे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नाव ‘नवेगान्धारणीय’. अर्थ : वेग धारण करू नयेत, शरीराची नैसर्गिक हाक अडवू नये. तेथे असे तेरा वेग सांगितले आहेत आणि त्या यादीत अगदी पहिले नाव मूत्राचे आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हाच विषय ज्या अध्यायात येतो, त्याचे शीर्षक ‘रोगानुत्पादनीय’ आहे, म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नये यासाठीचा अध्याय. प्रतिबंध ही कल्पना आधुनिक आरोग्यखात्याने शोधलेली नाही, हे येथे स्पष्ट दिसते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर मूत्राघात आणि मूत्रकृच्छ्र यांना स्वतंत्र अध्याय आहेत.

५/ पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ग्रंथ वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा : लेखकाच्या डोळ्यांसमोर रोगी कोण आहे? मूत्राचा वेग अडविल्याने काय होते, हे सांगताना चरक बस्ती आणि मेहन यांतील शूळ सांगतो. बस्ती म्हणजे मूत्राशय. मेहन म्हणजे पुरुषाचे जननेंद्रिय. उपदेश सर्वांसाठी आहे, परंतु ज्या देहावर तो समजावून सांगितला आहे तो देह पुरुषाचा आहे. ज्या विकाराने स्त्रिया अधिक गांजतात, त्याच्या वर्णनात स्त्री अध्याहृत राहते. हा दोष केवळ आपल्या परंपरेचा, असे मात्र कोणी समजू नये. युरोपीय वैद्यकाचेही बरेचसे चित्र असेच आहे.

६/ त्याच तेरा वेगांच्या यादीत दहावे नाव तहानेचे आहे. लघवी अडवू नये आणि तहानही मारू नये, असे दोन्ही निषेध एकाच ठिकाणी. ज्या स्त्रीला दिवसभर बाहेर राहायचे आहे आणि वाटेत कोठेही सोय नाही, ती पहिला वेग आवरण्यासाठी दहावा वेग मारते. पाणीच पीत नाही. ग्रंथकारांनी हे दोन वेग असे एकमेकांत गुंतलेले कल्पिले नसतील. त्यासाठी आधुनिक शहर जन्माला यावे लागले.

७/ तर चला लंडनला. १८५१ साली तेथे ‘ग्रेट एक्झिबिशन’ हे प्रचंड प्रदर्शन भरले. जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या नळकाम-तज्ज्ञाने तेथे सार्वजनिक शौचकूप बसविले आणि ८ लाख २७ हजारांहून अधिक लोकांनी पैसे मोजून त्यांचा वापर केला. लोकांना ही सोय हवी आहे, हे आकड्याने सिद्ध झाले. लगेच पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८५२ मध्ये, फ्लीट स्ट्रीटवर पुरुषांसाठी आणि बेडफर्ड स्ट्रीटवर स्त्रियांसाठी अशी दोन ठिकाणे सुरू झाली. दोन्ही चालली नाहीत. पण पुढे पुरुषांसाठी रस्तोरस्ती मुताऱ्या उभ्या राहत गेल्या. स्त्रियांसाठी जवळजवळ काहीच नाही.

८/ का? कारण ‘सभ्य’ स्त्री रस्त्यावर रेंगाळत नाही, असे गृहीत होते. ती घरातून निघते आणि घरी परतते. मधल्या वेळेत तिला शरीर नसते. प्रत्यक्षात त्याच काळी हजारो स्त्रिया कारखान्यांत, दुकानांत, फुलांच्या टोपल्या घेऊन नाक्यांवर उभ्या होत्या. त्यांना शरीर होते. घरापासून किती दूर जाता येईल, हे मूत्राशय किती तास दम धरेल यावर ठरत होते. इंग्रजीत या स्थितीला आज ‘युरिनरी लीश’ म्हणतात. लीश म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातील साखळी. मराठीत मला ‘दावण’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. दाव्याने बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीइतकेच चरते. फरक इतकाच की हे दावे दिसत नाही, म्हणून ते कोणी बांधले असाही प्रश्न विचारला जात नाही.

९/ १८८४ मध्ये ऑक्सफर्ड सर्कसजवळ ‘लेडीज लॅव्हेटरी कंपनी’ने स्त्रियांसाठी स्वच्छतागृह उघडले. खरेदीला येणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांची सोय झाली. कामगार स्त्रियांचे काय?

१०/ येथे एक अनपेक्षित पात्र प्रवेश करते : नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ. १८९७ पासून तो लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारी मंडळावर, ज्याला ‘व्हेस्ट्री’ म्हणत, सदस्य होता. आजच्या भाषेत नगरसेवक म्हणा. १९०० साली कॅम्डन टाउनमधील एका गजबजलेल्या चौकात स्त्रियांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा प्रस्ताव आला आणि वादळ उठले. रहिवासी म्हणाले, आमच्या घरांच्या किमती उतरतील. कोणी म्हणाले, अशा ठिकाणी फुलविक्या पोरी आपली फुले धुतात. वाहतुकीला अडथळा होईल, हा तर सभ्य लोकांचा आवडता मुद्दा होता.

११/ अडथळा खरोखर होतो का हे पाहण्यासाठी चौकात लाकडाची प्रतिकृती उभारण्यात आली. मग काय झाले? येणाऱ्या-जाणाऱ्या बग्ग्या आणि घोड्यांच्या बसगाड्या तिच्यावर आपटू लागल्या. शॉच्या सांगण्यानुसार हे अपघात नव्हते. गाडीवान मुद्दाम धडका देत होते, जेणेकरून ‘अडथळा’ सिद्ध व्हावा. एका लाकडी खोक्याला घाबरून एवढा खटाटोप! त्याच रस्त्यांवर पुरुषांच्या मुताऱ्या होत्या. त्यांच्यावर कोणी घोडे घातल्याची नोंद नाही.

१२/ शॉने आणखी एक बारीक गोष्ट हेरली. पुरुषांना मुतारी फुकट, स्त्रीला मात्र प्रत्येक वेळी एक पेनी. गरीब स्त्रीला ही पेनी परवडण्यासारखी नव्हती. १९०९ साली त्याने यावर लेख लिहिला आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या समर्थनार्थ हा ‘अनुच्चारणीय’ मुद्दा पुढे केला. त्याचे म्हणणे असे होते की ज्या सभेत या विषयाचे नाव काढणेच असभ्य मानले जाते, तेथे स्त्रिया स्वतः बसल्याशिवाय तो सुटणार नाही. स्वच्छतागृहाची लढाई थेट मतपेटीपर्यंत जाते, ती अशी.

१३/ मुंबईतही बोलण्याचा हाच अडसर होता, निराळ्या रूपात. पुरुष डॉक्टरसमोर असल्या तक्रारी मांडणे असंख्य स्त्रियांना अशक्य होते. स्त्री-डॉक्टरांच्या मागणीमागे हे मोठे कारण होते. डॉ. एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. यांच्या चरित्रांत आपण खटला, शिक्षण, धैर्य हे सारे वाचतो आणि वाचावेच. पण दवाखान्याच्या पडद्याआड किती बायांनी प्रथमच ‘जळजळ होते’ एवढे दोन शब्द उच्चारले असतील, त्याची नोंद कोणत्या बखरीत मिळणार?

१४/ आता प्रयोगशाळा. १८८५ मध्ये म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश नावाचा बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलांच्या विष्ठेतील जंतूंचा अभ्यास करीत होता. त्यात त्याला दंडगोलाकार जंतू आढळला. त्याच्याच नावावरून पुढे त्या जंतूला ‘एशरिशिया कोलाय’, म्हणजे आपला ‘ई. कोलाय’, म्हणू लागले. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच जंतूमुळे होतात. उन्हाळीचे कारण ऊन नव्हते. कारण आपल्याच आतड्यातील रहिवासी होता. उन्हाचा हात अप्रत्यक्ष : घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी कमी होते आणि मूत्राशयात शिरलेले जंतू धुवून निघण्याची संधी कमी होते. लोकभाषेने कारण चुकविले, पण ऋतू बरोबर पकडला.

१५/ १८९४ मध्ये आर्थर निकोलायर या जर्मन वैद्याने ‘हेक्झामिन’ मूत्राच्या जंतुनाशनासाठी वापरात आणले. युक्ती सुंदर आहे. हे औषध रक्तात निरुपद्रवी राहते. आम्लधर्मी मूत्रात पोहोचले की त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते आणि तेथेच जंतूंना मारते. १९३५ नंतर सल्फा औषधे आली, मग प्रतिजैविके आली, आणि हेक्झामिन अडगळीत गेले. त्याचे पुढे काय झाले, ते शेवटाकडे सांगतो.

१६/ १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये एडवर्ड कास या डॉक्टरने एक साधा पण मोलाचा प्रश्न विचारला : मूत्रात किती जंतू असले म्हणजे संसर्ग म्हणायचा? त्याने ठरविलेली १ मिलिलिटरला १ लाख जंतू ही सीमारेषा जगभर रूढ झाली. (आज लक्षणे असलेल्या स्त्रीत याहून कमी संख्याही ग्राह्य धरतात.) कासचे त्याहून मोठे काम गर्भवतींविषयी आहे. कोणतेही लक्षण नसताना ज्या गर्भवतींच्या मूत्रात जंतू असतात, त्यांतील अनेकींना पुढे मूत्रपिंडाचा गंभीर संसर्ग होतो, आणि वेळीच उपचार केल्यास तो टाळता येतो, हे त्याने दाखविले. गरोदरपणाच्या तपासणीत लघवीचा नमुना का मागतात, याचे एक उत्तर येथे आहे.

१७/ उपचार साधले, प्रतिबंधाचे काय? येथे सल्ल्यांचा सुकाळ आणि पुराव्यांचा दुष्काळ होता. समागमानंतर लघवीला जावे, पुसताना पुढून मागे पुसावे, हे सल्ले पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. त्यांत तोटा काही नाही आणि ते तर्कसंगतही आहेत. पण मोजमाप केले तेव्हा त्यांचा भक्कम पुरावा हाती आला नाही. क्रॅनबेरी या अमेरिकी फळाच्या रसाची कीर्ती मोठी. २०२३ मध्ये ५० अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण पावभाग घटतो, असे दिसले. अगदीच थोतांड नव्हे आणि रामबाणही नव्हे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी मात्र १९९३ चा राझ आणि स्टॅम यांचा अभ्यास ठळक आहे. योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने वर्षाला सरासरी ५.९ वेळा होणारा संसर्ग ०.५ वर आला. आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या किती स्त्रियांना हे कोणी सांगितले असेल?

१८/ आणि पाणी? सर्व आज्या, सर्व वैद्य आणि सर्व डॉक्टर ‘पाणी भरपूर पी’ म्हणत आले. त्याची नीट परीक्षा झाली २०१८ मध्ये. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेये घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी अधिक प्यायला सांगितले. वर्षभरात अधिक पाणी पिणाऱ्यांना सरासरी १.७ वेळा आणि इतरांना ३.२ वेळा संसर्ग झाला. जवळजवळ निम्मा फरक! साधनांची चिकित्सा शिकणाऱ्यांनी हेही नोंदवावे की या अभ्यासाला पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा होता. निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. पण पैसा कुठून आला हे विचारायची सवय बखरीपुरती का ठेवावी?

१९/ माझ्या दृष्टीने या धाग्याचा मर्मबिंदू मात्र त्याआधीचा एक छोटा अभ्यास आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील शिक्षिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तासांच्या मध्ये स्वच्छतागृहात जाता येत नाही, म्हणून ज्या शिक्षिका कामावर असताना जाणूनबुजून कमी पाणी पीत, त्यांच्यात मूत्रसंसर्गाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. गंमत अशी की लघवी किती वेळा केली याचा तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो मारलेल्या तहानेशी. चरकाच्या यादीतील पहिला वेग नव्हे, दहावा! एका अभ्यासावर इमारत उभारू नये, हे खरे. तरी प्रवासाला निघताना पाण्याची बाटली पिशवीत ठेवून तिला हात न लावणाऱ्या स्त्रिया आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

२०/ म्हणून शेवटी आपल्याच शहरांकडे यावे लागते. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली. ‘कोरो’ या संस्थेसह तीसहून अधिक संघटना तिच्यात होत्या आणि मुमताज शेख यांच्यासारख्या, वस्तीतून पुढे आलेल्या कार्यकर्त्या अग्रभागी होत्या. त्यांची मुख्य तक्रार शॉच्या लेखाशी ताडून पाहा : पुरुषांना मुतारी फुकट, स्त्रियांकडून पैसे. लंडनची पेनी शंभर वर्षांनी मुंबईत रुपयांच्या रूपाने भेटली. या स्त्रियांनी शौचालये मोजली, पाहण्या केल्या, सह्या गोळा केल्या आणि महापालिकेच्या दारात जाऊन ‘मुतारी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला. नावावरूनही टीका झाली. पण सभ्य नाव दिले असते, तर वर्तमानपत्रांनी दखल घेतली असती का, याविषयी मला शंका आहे.

२१/ पुण्यात हीच लढाई न्यायालयात गेली. विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. डिसेंबर २०१५ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. रस्त्यावर, बाजारात वावरणाऱ्या स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे असणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला आणि महापालिकांना त्यासाठी समित्या नेमून योजना करण्याचे आदेश मिळाले. ज्याला इंग्लंडात ‘अनुच्चारणीय’ म्हटले, ते येथे न्यायालयाच्या कागदावर आले. कागदावरचे चौकात किती उतरले, हे आपापल्या एसटी स्थानकावर आणि भाजीबाजारात जाऊन पाहावे. दार आहे का, कडी आहे का, पाणी आहे का, आणि दाराला कुलूप तर नाही ना, एवढेच मोजले तरी पुरे. एखाद्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर याहून चांगले क्षेत्रकार्य नाही.

२२/ हेक्झामिनचे राहिले. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा संशोधकांना या जुन्या औषधाची आठवण झाली. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या २४० स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. रोज अल्प मात्रेत प्रतिजैविक घेण्याच्या तुलनेत हेक्झामिनचेच एक रूप प्रतिबंधासाठी कमी पडत नाही, असे त्यात दिसले. एकोणिसाव्या शतकातील बाटली पुन्हा फडताळाच्या पुढच्या रांगेत आली. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

२३/ हा इतिहासाचा धागा आहे, दवाखाना नव्हे. तरी एवढे लिहिणे आवश्यक. जळजळीसोबत थंडी-ताप, पाठीत किंवा कुशीत दुखणे, उलट्या, लघवीतून रक्त, यांपैकी काही असल्यास, किंवा गरोदरपणी साधी जळजळ असली तरी, धन्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत; डॉक्टरकडे जावे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

२४/ एक विनंती. ‘उन्हाळी लागणे’ हा शब्द माझ्या परिचयाचा. पण कोकणात, खानदेशात, मराठवाड्यात, वऱ्हाडात, गोव्यात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या विकाराला काय म्हणतात, त्यावर कोणते पाणी देतात, हे आपापल्या आजीला, आत्याला, मावशीला विचारून खाली लिहावे. हे शब्द कोशांत फारसे शिरत नाहीत, कारण ते पुरुषांसमोर बोललेच जात नाहीत. मुलग्यांनीही विचारावे.